फुलांपासून लांब

ताईच्या तपासणीचा अहवाल आला तो शनिवार होता. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. तो यकृतापर्यंत गेला होता. मी कागद वाचला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. पुढच्या दसऱ्याच्या आत ताई गेली.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. मखमलाबादच्या पुढे तिच्या सासरचा मळा आहे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. मी शहरात राहते आणि कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. विषाणूची प्रथिने पेशीच्या आतल्या निरोपांत कशी ढवळाढवळ करतात, हा माझ्या शिकवण्याचा विषय. त्यासाठी मी दरवर्षी फळ्यावर ज्या विषाणूचे उदाहरण देत आले, तोच ताईच्या आजारामागे होता. अशा योगायोगात अर्थ शोधू नये, हे मला कळते. कळल्याने काही हलके झाले नाही.

त्या घरात एक रिवाज आहे. पाळीच्या दिवसांत बाई फुलांत जात नाही, कारण फुले देवाला जायची असतात. प्रत्यक्षात निम्मा झेंडू दुकानांच्या शटरला, गाड्यांच्या बॉनेटला आणि पुढाऱ्यांच्या गळ्यात जातो. पण रिवाज देवाच्या नावाने आहे. त्या दिवसांत बाई विहिरीजवळ, पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या ओट्यावर बसते. लसूण सोलते, फाटक्या गोण्या शिवते. कुणाला काही सांगावे लागत नाही. ओट्यावर कोण बसले आहे ते दिसले, की तिच्या वाटची तोडणी दुसरी कुणीतरी करते.

ताईची पाळी बंद होऊन बरीच वर्षे झाली होती. मग एका भाद्रपदात ती पुन्हा ओट्यावर दिसायला लागली. हे मला तेव्हा कुणी सांगितले नाही. नंतर तिच्या जावेने सांगितले, तेही हसल्याची आठवण म्हणून.

"मी म्हणलं, काय गं, सुनेच्या जोडीला बसायला लागली का तू? नातवाला काका आणती का आता?"

"मग ताई काय म्हणाली?"

"काय म्हणणार. हसली. म्हणली, तुझ्या दिराला विचार."

सासूबाईंनी निर्वाळा दिला होता, "जाता जाता येतं एखादीला. फुलांपासून लांब राहिली म्हंजी झालं." भावजींनी पेठ तालुक्याकडची एक मजूर बाई तोडणीला वाढवली. ती बाई पुढे महिनोन्‌महिने येत राहिली. ती का लागते आहे, याचा विचार करायला कुणी थांबले नाही.

दुखणे सहन होईना तेव्हा ताईने मला फोन केला. मी तिला शहरात दवाखान्यात नेले. डॉक्टरबाईंनी विचारले, "रक्त जायला कधीपासून लागलं?"

ताई आठवत राहिली. "नवरात्रात मी फुलांत नव्हते. दिवाळीला पण नाही. मार्गशीर्षात एका गुरुवारी गेले, पण दुपारी परत बसले."

"मी रक्ताचं विचारतेय, मावशी."

"तेच सांगते ना, बाई."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिले. मला हिशोब लागला होता. ताईने काही लपवले नव्हते. तिच्या शरीराने निरोप दिला होता, तिने तो ओट्यावर बसून सगळ्या घराला दाखवला होता, आणि घराने त्याला ठरलेले उत्तर दिले होते.

वर्गात मी सांगते, की हा विषाणू फार थोडे सामान घेऊन येतो. बहुतेक बायकांच्या शरीरातून तो मुकाट निघूनही जातो. ज्यांच्यात राहतो, त्यांच्यातही तो मोडतोड करत नाही. पेशीत एक पहारेकरी प्रथिन असते. बिघाड दिसला की ते विभाजन थांबवते, बिघाड सुधारला नाही तर पेशीला मरायला लावते. विषाणूचे एक प्रथिन पेशीचाच एक कामगार हाताशी धरते आणि त्याच्याकरवी पहारेकऱ्यावर टाकाऊची खूण करवते. खूण पाहून पेशीची यंत्रणा त्याचे तुकडे करते. ती रोज असेच करते. टाकाऊ ते तोडायचे, एवढेच तिचे काम. दुसरे प्रथिन विभाजनाचा ब्रेक सोडवते. शेजारच्या पेशींना सावध करणारे निरोपही दाबले जातात. आत शिरून पाहिले तर सगळे आपापले काम करताना दिसतील.

हे सांगताना मी पूर्वी थोडी रंगून जात असे. विद्यार्थ्यांना आवडायचे.

एक गोष्ट मी वर्गात भरभर उरकत असे. पेशी कर्करोगाची झाली, की तिच्यात अडकलेल्या विषाणूला बहुधा बाहेरची वाट उरत नाही. त्याची नवी पिल्ले तयार होत नाहीत. म्हणजे यात त्याचाही फायदा नाही. ताई गेल्यावर मला सगळ्यात जास्त राग याचा आला. कुणाला काहीतरी मिळाले असते, तर निदान त्याच्याकडे बोट दाखवता आले असते.

दहाव्याला नदीवरून, आमच्याकडे म्हणतात त्या गंगेवरून, परतल्यावर घरात बायका बसल्या होत्या. जावेने विचारले, "हे होतं तरी कशानं?"

मी सांगितले. विषाणूने होते, तो नवराबायकोच्या संबंधांतून येतो, शरीरात वर्षानुवर्षे गप्प राहू शकतो, त्यात कुणाचे पाप नसते. तपासणी साधी असते, वेळेवर केली तर हे टळते. सुनेचीही करून घ्या, असे म्हणाले. माझ्या बोलण्याचा रोख तेवढाच होता.

भावजी दारात उभे होते. ते अंगणात गेले.

जाऊ म्हणाली, "मेलेल्या बाईला नावं ठेवती का तू? का आमच्या भाऊजींना?"

"कुणालाच नाही."

"मग आमच्या सुनेला कशाला दवाखान्यात न्यायची? तिला काय झालंय? लय शिकलेलं असलं म्हणून काय पण बोलायचं का?"

सासूबाई भिंतीला टेकून होत्या. "असलं आपल्या घरात नाय," एवढेच म्हणाल्या. ताईची सून चहाचे कप उचलत होती. ते घेऊन ती आत गेली.

नंतर दोनदा मी तिला एकटीला गाठून विचारले. "ह्यांना विचारते, मावशी," ती म्हणाली. ताईच्या मुलाने मला फोन करून शांतपणे सांगितले, की घरात नको तो विषय काढू नकोस. तो चांगला मुलगा आहे. आईच्या शेवटच्या दिवसांत त्याने तिला उचलून न्हाणीत नेले होते.

मळ्यात आता शेवंती लागली आहे. तपासणी झालेली नाही. मी महिन्यातून एकदा बस पकडून तिथे जाते. चहाच्या आधी विहिरीकडे चक्कर मारते आणि ओट्यावर कोण बसले आहे ते पाहते. सून बसलेली असली, तर कधीपासून ते विचारते. ती सांगते, आणि मी तिच्याजवळ बसून लसूण सोलते.