तिचा नवा अल्बम आणि आईच्या फेऱ्या

माझी आवडती गायिका बऱ्याच वर्षांनी नवा अल्बम घेऊन आली, तेव्हा आईचं डायलिसिस सुरू होऊन काही महिने झाले होते. त्यामुळे तो अल्बम मी घरी निवांत बसून ऐकलाच नाही. सातपूरहून मुंबई नाक्याजवळच्या हॉस्पिटलात जाताना आणि तिथून परत येताना, आईला शेजारच्या सीटवर बसवून, गाडीतच ऐकला. आठवड्यातून तीन दिवस.

पॉलिटेक्निकला असताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. तिच्यासारखं मराठीत तेव्हा कुणी गात नव्हतं. ठेका दणदणीत, आणि त्यावर तिचा आवाज असा चढायचा की गणपतीच्या मंडपात खुर्च्या लावणारी पोरं खुर्च्या सोडून नाचायला लागायची. मी नाचणाऱ्यातला नव्हतो. मी कोपऱ्यात उभा राहून नुसता ऐकायचो. मग ती गाणं सोडून कुठेतरी निघून गेली. कुणी आजारी आहे म्हणत, कुणी परदेशात आहे म्हणत. मी नोकरीला लागलो, लग्न झालं, आणि जुनी गाणी लग्नाच्या वरातीत कानावर पडली की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

नवा अल्बम लावला तेव्हा पहिल्या दिवशी माझी निराशाच झाली. आवाज खाली उतरला होता. ठेका जवळजवळ नाहीच. एक गिटार, एक पेटी, कुठेतरी मागे ढोलकीवर पडलेली बोटं. ओळ संपली की ती श्वास घेते तो ऐकू येतो. कारखान्यात माझं काम तयार झालेला माल तपासण्याचं. घासायची राहिलेली कड दिसली की पार्ट बाजूला काढायचा, ही सवय. मला वाटलं, एवढा खर्च करून हा श्वास कुणी पुसला कसा नाही?

आईला तर ती अजिबात आवडली नाही. "रडकी हाय रे ही," आई म्हणाली. निफाडकडच्या खेड्यातून लग्न होऊन ती नाशकात आली, त्याला पन्नास वर्षं होऊन गेली, तरी तिचं 'हाय' काही 'आहे' झालं नाही.

"बंद करू का?"

"राहू दे. तुला आवडती ना."

गाणी चालू राहिली. बायकोची नोकरी ओझरला, ती सकाळीच बाहेर पडायची, म्हणून आईला न्यायचं काम माझ्याकडे. सकाळी आईला सोडायचं, बाहेरच्या बाकावर बसायचं, तिच्या हाताच्या सुया निघाल्या की घरी आणायचं, वाढायचं आणि दुपारच्या शिफ्टला पळायचं. त्या दिवसांत मी सिग्नलला उभा असताना डोळे मिटायचो आणि मागचा हॉर्न वाजला की उघडायचो. कुणी विचारलं तर "चाललंय" म्हणायचो. आईला कुणी विचारलं तर ती "मी बरी हाय" म्हणायची. हॉस्पिटलातून बाहेर येताना तिचा चेहरा राखेसारखा झालेला असायचा, तरी तेच.

अल्बममधलं तिसरं गाणं पाणी भरण्यावर आहे. घरातले सगळे झोपलेले असताना एक बाई उठते, नळाला पाणी आलंय म्हणून भांडी लावते, आणि पाण्याचा आवाज ऐकत तिथेच भिंतीला टेकून बसते. एवढंच. पुढे काही घडत नाही. भांडं भरत येतं तसा सूर हळूहळू वर चढतो आणि अगदी काठाशी येऊन थांबतो. मला हे कळायला बरेच दिवस लागले. आईला आधी कळलं. डॉक्टरांनी तिला पाणी मोजून प्यायला सांगितलं होतं, ओठ सारखे कोरडे. एके दिवशी गाडीत बसता बसता ती म्हणाली, "ते पाण्याचं लाव."

त्यानंतर दर फेरीला तेच. गाणं संपलं की आई म्हणायची, "इथं नवीन आले तवा आडावर जायचो आम्ही. पण बसायला कुठं मिळायचं? सासू बघत असायची."

हिवाळ्यात गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवर त्या गायिकेचा कार्यक्रम ठरला. दिवस नेमका डायलिसिसचा. मी जायचं मनातून काढून टाकलं होतं. आईने कुठून तरी ऐकलं.

"मला पण ने," ती म्हणाली.

"आई, त्या दिवशी तुला उभं राहवत नाही."

"मी काय नाचायला येती का? खुर्ची असती ना तिथं?"

मी शिफ्टला रजा टाकली आणि संध्याकाळी तिला स्वेटर घालून, वर शाल गुंडाळून नेलं. कडेची खुर्ची मिळाली. गर्दी बहुतेक माझ्या वयाची, पोरंबाळं घेऊन आलेली. गायिका आली ती साध्या सुती साडीत, केस पांढरे ठेवलेले. लोकांनी जुनी गाणी मागितली, तिने ती म्हटली, वरच्या जागा लोकांकडूनच गाऊन घेतल्या. मग म्हणाली, आता एक नवीन म्हणते. पाण्याचं गाणं सुरू झालं आणि निम्मी माणसं वडापावच्या स्टॉलकडे निघाली. मला राग आला, पण त्यांचंही बरोबर होतं. ती माणसं नाचायला आली होती.

शेवटच्या चढावर गायिकेचा आवाज फाटला. पेटीवाला तसाच वाजवत पुढे निघाला. तिने हात वर करून त्याला थांबवलं, पाणी प्यायली, आणि माइकमध्ये म्हणाली, "दमले मी आज. जरा थांबते आणि परत घेते."

ती स्टुलावर बसली. मैदानात स्टॉलवाल्यांचा आवाज तेवढा येत होता. थोड्या वेळाने तिने तीच ओळ पुन्हा घेतली, पण खालच्या सुरात, आणि गाणं पुरं केलं. टाळ्या बेताच्याच पडल्या. आईने शालीतून हात काढून टाळ्या वाजवल्या. सुयांचा हात दुखत असणार, तरी.

गाडीत बसल्यावर मी सवयीने विचारलं, "बरी आहेस ना?"

गाडी त्र्यंबक रोडला लागली तेव्हा आई म्हणाली, "नाय रे. लय दमले मी. आजचं नाय सांगत, कधीपासूनचं सांगती."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी पण दमलोय, आई."

"दिसतंय की मला. तू सांगत नाय म्हणून मी इचारत नाय."

मला रडू आलं नाही. गाडी बाजूला घेतली आणि आम्ही दोघं नुसते बसून राहिलो. मग आई म्हणाली, "ताईला सांग. शनिवारी येईल ती. तिला वाटतं, तुला कुणाची गरज नाय."

ताई, माझी मोठी बहीण, सिन्नरला असते. मी फोन केला तेव्हा ती आधी चिडली, "एवढे दिवस काय तोंडात मिठाची गुळणी धरली होती का?" आणि लगेच म्हणाली, "येते."

आता शनिवारी आईला न्यायला ताई येते. तिला ही गायिका आवडत नाही. तिच्या गाडीत भजनं लागतात, आणि आई तीही ऐकते. बाकीचे दोन दिवस माझे. आईची तब्येत सुधारलेली नाही, ती सुधारणारी नाही असं डॉक्टरांनी नीट सांगितलंय. काही सकाळी ती "आज नको जायला" म्हणते. मग मी तिच्याजवळ बसतो, घाई करत नाही, आणि थोड्या वेळाने आम्ही निघतो. शनिवारी बायकोलाही सुट्टी असते. ती चहा करते, मी भाजी निवडतो, आणि बराच वेळ आम्ही दोघं कुठलंच गाणं लावत नाही.