वाळूत पुरलेला वास

ईस्ट कोस्टच्या पार्कात मी सकाळी फिरायला जायचो, तेव्हा एक चिनी आंटी ठरलेल्या बाकावर बसलेल्या असायच्या. डबीतून लोबानाचा खडा काढायच्या, डोळे मिटून नाकाशी धरायच्या आणि नकारार्थी मान हलवायच्या.

शेवटी न राहवून मी विचारलंच. त्या हसल्या.

"आजारपणात माझा वास गेला, कशाचाच वास येत नाही. डॉक्टर म्हणाले, ओळखीचे वास घेत राहा, कदाचित परत येईल."

"मग लोबानच का?"

"तरुणपणी ओमानला उत्खननात काम केलंय मी. वाळवंटाच्या कडेला जुनं बंदर होतं, तिथून लोबान जहाजांनी दूरदेशी जायचा. कोठाराच्या मातीत काही काळे खडे सापडले. एक तुकडा निखाऱ्यावर टाकला, तर सगळा तंबू दरवळला! हजारो वर्षं वाळूत पुरलेला वास जिवंत राहतो, मग माझा कुठे जातोय, लाह?" वाक्याच्या शेवटी 'लाह' जोडायची त्यांची इथली सवयच होती.

मी बोटीवरचा इंजिनिअर. पुढे काही महिने समुद्रावर होतो. परतल्यावर एका सकाळी मित्राला द्यायचे सुके बोंबील पिशवीत घेऊन पार्कातून निघालो होतो. आंटी बाकावरच होत्या. मी जवळ जाताच त्यांनी नाक मुरडलं.

"शी! कसला हा घाण वास?"

मी ओशाळून पिशवी मागे लपवली. आंटी मात्र एकदम थबकल्या. उठून त्यांनी पिशवी माझ्या हातातून ओढली, नाक आत खुपसलं आणि भरल्या डोळ्यांनी वर पाहिलं.

"सुकी मासळी! सुकी मासळीच आहे ना?"

मित्राला त्या दिवशी बोंबील मिळाले नाहीत.