आधी वाजणारा अलार्म

या ग्रुपवर मी बरेच दिवस आहे, पण नुसती वाचणारी. खरं सांगू का... इथले अनुभव मी ऑफिसात डबा खाताना मैत्रिणींना वाचून दाखवायचे आणि आम्ही हसायचो. वडाखालची बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा – कशावरच माझा विश्वास नव्हता. भुताखेतांवर आजही नाही. पण माझ्या दादाच्या बाबतीत जे झालं ते मी शुद्धीत, भर दुपारी पाहिलंय. आणि ते नेमकं माझ्याच कामातलं होतं, म्हणून लिहिते आहे.

आधी कामाबद्दल थोडं. मी नाशिकला, अंबडच्या एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत आहे. हॉस्पिटलमध्ये पेशंटच्या उशाशी मॉनिटर असतो ना – हिरवी रेघ, टुक टुक आवाज – तो आम्ही बनवतो. त्याच्या आत रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम असते. आपला लॅपटॉप अडकला तर आपण चिडतो आणि चहा घेऊन येतो. या सिस्टीमला अडकायची मुभाच नाही. गाडीतली एअरबॅग, विमान, पेशंटचा मॉनिटर... जिथे ठरलेल्या वेळेत उत्तर यायलाच हवं, तिथे ती वापरतात. तिच्यात प्रत्येक कामाचा वेगळा 'टास्क' असतो. आमच्या मॉनिटरमधला अलार्मचा टास्क मी लिहिलेला. तो एरवी झोपलेला असतो. ठोके तपासणाऱ्या टास्कला गडबड दिसली की तो याला उठवतो, आणि मग बाकीची सगळी कामं बाजूला सारून हा ओरडतो. कोणी उठवल्याशिवाय तो उठत नाही. उठूच शकत नाही.

दादा माझ्याहून बराच मोठा. सिन्नर–नाशिक काळीपिवळी चालवायचा. वडील लवकर गेले, माझं इंजिनिअरिंग त्यानंच पार पाडलं. मी नेमकं काय करते ते एकदा त्याला गाडीतच समजावून सांगितलं होतं. तो म्हणाला, "म्हंजे ब्रेकसारखं हाय तुझं काम. उशिरा लागला तर लागलाच नाय."

"अगदी तसंच," मी म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात मोहदरी घाट उतरल्यावर त्यानं गाडी कडेला घेतली. पॅसेंजरांना म्हणाला, मागून दुसरी गाडी येतीय, तिच्यात बसा. सगळे उतरल्यावर मग छातीवर हात ठेवून स्टिअरिंगवर वाकला.

नाशिकच्या हॉस्पिटलात आयसीयूबाहेर डॉक्टरांनी मला आणि वहिनीला बसवून सांगितलं, "हृदयाचा बराच भाग निकामी झालाय. ऑपरेशन झेपण्यासारखी अवस्था नाही. ठोके कधीही बिघडतील, बिघडले की आम्ही शॉक देऊ. बाकी बघू."

मी आत गेले तर दादाच्या उशाशी आमच्याच कंपनीचा मॉनिटर. त्याही परिस्थितीत मला बरं वाटलं. वहिनीला म्हणाले, "वहिनी, हे मशीन आमचंय. जरा जरी काही झालं तरी लगेच सांगेल." वहिनीनं लांबूनच त्याला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाजवळ होते आणि अलार्म वाजला. मोठ्या धोक्याचा, लाल. मी दचकून स्क्रीनकडे पाहिलं – रेघ स्वच्छ. ठोके व्यवस्थित. सिस्टर आली, छातीवरचे इलेक्ट्रोड दाबून बघितले, "फॉल्स अलार्म आहे, मॅडम," म्हणत बटण दाबायला वाकली... आणि तिचा हात बटणावर असतानाच रेघ वेडीवाकडी झाली. पळापळ, शॉक. दादा परत आला.

मला वाटलं योगायोग. डॉक्टरही तेच म्हणाले. पण दुपारी पुन्हा तसंच झालं – आधी अलार्म, मग काही वेळ काहीच नाही, आणि मग रेघ बिघडली. या खेपेला मधली वेळ जास्त होती. माझी नजर स्क्रीनवरून हलली नव्हती. त्या अलार्मला कोणी उठवलं, हे मला कळेना.

इंजिनिअरला जे सुचतं तेच मी केलं. हॉस्पिटलच्या टेक्निशियनला बोलावलं आणि म्हटलं, मीच लिहिलंय हे, बिघडलंय, काढा. त्यानं मॉनिटर बदलला. नवा दुसऱ्या कंपनीचा होता – आतली सिस्टीम वेगळी, माझी एक ओळसुद्धा त्यात नाही. जरा निर्धास्त होऊन मी घरी जाऊन आंघोळ करून आले.

परत आले तेव्हा तो वाजत होता. रेघ स्वच्छ होती.

या वेळी डॉक्टर स्वतः येऊन शॉकचं मशीन तयार ठेवून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांदेखत रेघ बिघडली, क्षणात शॉक दिला, दादा वाचला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "असं कधी पाहिलं नाही. पण आपल्याला वेळ मिळतोय, हे चांगलंच आहे."

तेवढीच एक संध्याकाळ आम्ही आशेवर काढली. वहिनी माझा हात धरून म्हणाली, "शुभा, मशीन आधी सांगती ना? मग काय भ्याव? डॉक्टर उभेच राहतील. वाचतील बघ हे." मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी दादाची मुलगी ऋतुजा पुण्याहून आली. त्याच दिवशी दुपारी दादाला जेवणाचे दोन घास भरवून झाले आणि अलार्म सुरू झाला. डॉक्टर आले, आणखी एक डॉक्टर आले. ईसीजी काढला, रक्त तपासलं, सलाइनमधून ठोके सांभाळणारं औषध सुरू केलं. काही बिघडलेलं नव्हतं. अलार्म बंद केला की थोड्या वेळानं पुन्हा सुरू व्हायचा. वायर बदलल्या, इलेक्ट्रोड बदलले. ऊन खिडकीतून भिंतीवर सरकलं तरी तो वाजतच होता.

दादा जागा होता. म्हणाला, "शुभे, कशापायी वरडतंय गं ते?"

"काही नाही दादा. वायर सैल झालीय."

"वायर सैल झालीय, तर ही येवढी मंडळी कामून उभी हायेत?"

वहिनी त्याचे पाय चोळत होती, ते तिनं थांबवलं नाही. दादानं ऋतुजाला जवळ बोलावलं.

"गाडी इकशील तवा घेणाऱ्याला सांग, क्लच लय टाइट हाय. लपवू नको. नवीन माणूस घाटात फसंल."

"पप्पा, असं नका ना बोलू."

"सांगशील ना?"

तिनं मान हलवली. दादानं डोळे मिटले. आणि अलार्म आपोआप थांबला. कोणी बटणाला हातही लावला नव्हता. त्या शांततेत सगळ्यांनी एकदम स्क्रीनकडे पाहिलं, तेव्हा रेघ अजून स्वच्छ होती. मग ती मोडली.

शॉक तयार होता, इंजेक्शनं भरलेली होती, दोन डॉक्टर हाताच्या अंतरावर होते. यापेक्षा जास्त तयारी कोणी करूच शकत नाही. त्यांनी सगळं केलं, पुन्हा पुन्हा केलं. दादा परत आला नाही. आणि तो दुसऱ्या कंपनीचा मॉनिटर... रेघ सपाट होऊन पडली तरी एकदाही वाजला नाही.

नंतर आमचा मॉनिटर मी लॅबमध्ये आणला. बिघडलेल्या ठोक्यांचे सिग्नल त्याला हजारदा दिले असतील. प्रत्येक वेळी आधी बिघाड, मग अलार्म. आमचे साहेब म्हणतात, हृदयात आधीच काही बारीक फरक पडला असेल, तो मशीननं पकडला. पण बारीक फरक पकडायचं मी त्याला शिकवलेलंच नाही. आणि ईसीजीतही न दिसलेला तो फरक दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनना कसा दिसला? डॉक्टरांनी तर आता त्यावर बोलणंच सोडलंय.

वहिनीला मात्र कारण सापडलंय. दहाव्याला सगळ्या बायकांच्या देखत ती मला म्हणाली, "तुझ्या मशीननंच बोलावून आणलं ते. ती वाजली का मग व्हायचं. वाजलीच नसती तर झालं नसतं." मी समजावायला गेले, पण काय समजावणार? आधी घडतं ते कारण आणि मागून येतो तो परिणाम, असंच मला कॉलेजात शिकवलंय. त्या दुपारी आधी काय घडलं ते मी पाहिलंय. वहिनी चूक आहे हे सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नाही.

वर्षश्राद्धाला मी सिन्नरला गेले होते. वहिनीनं पाणी दिलं, पान वाढलं. जेवताना माझ्या पर्समध्ये फोन वाजला. वहिनीच्या हातातलं भांडं तिथेच राहिलं, ती उठून मागच्या दारी गेली आणि मी निघेपर्यंत घरात आली नाही. ऋतुजा मला स्टँडवर सोडायला आली. वाटेत म्हणाली, "आत्या, आता काही दिवस येऊ नकोस."

मी जात नाही. याचं स्पष्टीकरण तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर लिहा. पण वहिनीला पटेल असं असेल, तरच.