जपानला नेलेल्या गवऱ्या

यंदाच्या फेब्रुवारीत माझी बायको पहिल्यांदा विमानात बसली आणि जपानला गेली. तिच्या सुटकेसमध्ये शेणाच्या गवऱ्या होत्या.

जाण्याचं कारण मुलीचं बाळंतपण. मुलगी आणि जावई तिकडे नोकरीला आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी, असा आमच्याकडचा रिवाज. मुलीला डॉक्टरांनी विमानप्रवासाला मनाई केली, म्हणून माहेरच तिकडे पाठवायचं ठरलं. माहेर म्हणजे बायको. मला रजा मिळाली नाही. विमानतळापर्यंतची हकीकत मी स्वतः पाहिलेली आहे. त्यापुढची बायको, मुलगी आणि जावई यांच्याकडून फोनवर कळली. जिथे तिघांच्या सांगण्यात फरक पडतो, तिथे तसं नमूद केलं आहे.

काय आणायचं, हे मुलगी बरेच दिवस आधीपासून सांगत होती.

"आई, पटकन काढता-घालता येतील असे बूट घे. इथं जिथं तिथं बूट काढावे लागतात."

"मंग आपल्यासारखंच हाय की."

"आणि मोजे घे. न फाटलेले. बूट काढले की सगळ्यांना मोजेच दिसतात."

मोजे आदिलाबादच्या बाजारातून आणले. पहिल्याच दिवशी जोडव्यांनी दोन्ही मोज्यांना भोक पाडलं. मुलगी म्हणाली, तेवढ्या दिवसांपुरती जोडवी काढून ठेव.

"तुये बाबा जित्ते हायेत अजून," बायको म्हणाली. मी समोरच बसलो होतो. शेवटी मोज्यावर मोजा घालायचा, असा तोडगा निघाला.

रुमाल न्यायला तिचा विरोध होता. तिकडे हात पुसायला बऱ्याच ठिकाणी कागद नसतो, असं मुलीचं म्हणणं. पदर असताना रुमाल कायले, असं बायकोचं. रस्त्यात कचराकुंडी सापडत नाही, कचरा पिशवीत घालून घरी आणावा लागतो, हे तर तिला पटलंच नाही. "आपन घरचा कचरा भायेर टाकतो. हे भायेरचा घरी आनतेत?" गरम कपड्यांचा मुद्दा तिने एका वाक्यात निकालात काढला: "जलमभर आदिलाबादची थंडी काढली म्या."

एवढं झाल्यावर तिने आपलं सामान काढलं. ज्वारीचं पीठ, बाळंतशेपा, ओवा, वावडिंग, डिंकाच्या लाडवांसाठी डबा, आणि जुन्या साड्या फाडून शिवलेली दुपटी. सुटकेस भरली आणि त्यात बूट मावले नाहीत.

मुलीला व्हिडिओवर हे दिसलं. ती म्हणाली, "आई, तू फक्त ये. काही आणू नको. इथं सगळं मिळतं."

फोन ठेवल्यावर बायको सुटकेससमोर बसली.

"सगळं मिळते, तं मले काऊन बलावून राह्यली?" तिने विचारलं. "मले भाषा येत नायी, रस्ता समजत नायी. हे सामान संगं असलं तं मी बाळंतपन करीन. नसलं तं पाव्हनी म्हनून बसीन, चहा पीन अन् वापस येईन."

लाडूंसाठी डिंक हवा होता म्हणून आम्ही नार्नूरच्या पलीकडे तिच्या थोरल्या बहिणीच्या गावी गेलो. तिथे कापूस आणि ज्वारीची शेती आहे. अक्काने डिंक दिला, चारोळी दिली आणि विचारलं, "धुरीचं काय?"

आंघोळीनंतर बाळ-बाळंतिणीला धुरी देतात. निखाऱ्यावर ओवा आणि वावडिंग टाकतात. निखारा गवरीचा लागतो. कोळशाचा चालत नाही. का चालत नाही, हे मी दोघींना विचारलं. दोघींनी माझ्याकडे पाहिलं आणि आपलं बोलणं पुढे चालू ठेवलं.

"जपानात गाई असतीन की," अक्का म्हणाली.

"असतीन. पन त्यायचं शेन कोन थापते?"

जावयाला फोन लावला. त्याने सांगितलं की असलं काहीही आणायला परवानगी नाही, शिवाय फ्लॅटमध्ये धूर झाला तर छतावरचा भोंगा वाजतो आणि पूर्ण इमारतीला कळतं.

"बाळ झाल्याचं इमारतीले कळलं तं काय वाईट हाय?" अक्का म्हणाली, पण फोन बंद झाल्यावर.

तिने बिस्किटाएवढ्या पातळ गवऱ्या थापल्या आणि उन्हात खणखणीत वाळवल्या. वास येत नव्हता, हे मी स्वतः तपासलं आहे. बायकोने त्या दुपट्यांत गुंडाळल्या. नियमाचा प्रश्न मी काढला. ती म्हणाली, "मी खोटं बोलनार नायी. इचारलं तं गवरी म्हनून सांगीन. नायी इचारलं तं मी कायले सांगू?"

सुटकेस अक्काच्या शेतात नेल्यावर वजनाचा प्रश्न सुटला. वेचणीचा कापूस मोजायचा लटकता काटा तिने बाभळीला अडकवला आणि सुटकेस त्याला टांगली. वेचणीला आलेल्या बायांनी काम थांबवून पाहिलं. एकीने विचारलं, "कोनत्या वावरातला माल हाय, बाई?" वजन जास्त भरलं. मी हळूच आत घातलेले गरम कपडे परत कपाटात गेले आणि न मावलेले बूट पायात घालून जायचे ठरले.

विमानतळावर मी काचेच्या अलीकडे होतो. सुटकेस उघडायला लावली, हे मला दिसलं. तपासणी करणाऱ्या माणसाने दुपट्यातून एक गवरी काढून उजेडात धरली आणि हिंदीत विचारलं, हे काय आहे?

"गवरी," बायको म्हणाली.

इथे एक खुलासा करायला हवा. भाद्रपदात बसवतात त्या गौरींना आमच्या भागात महालक्ष्म्या म्हणतात. गवरी म्हटलं की शेणाचीच. दुसरा अर्थ बायकोच्या कानावरून गेला असेल, पण जिभेवर कधी आलेला नाही. शेणाच्या गवरीला तेलुगूत 'पिडका' म्हणतात. आमच्याकडे बाजार तेलुगूतच चालतो, त्यामुळे तो शब्द तिला चांगला येतो. पण त्याने हिंदीत विचारलं होतं, आणि तिचं हिंदी हे मराठीच असतं, फक्त मोठ्या आवाजात.

"गौरी? पूजा की?"

"पूजा के बाद भी लगती," ती म्हणाली. तिच्या मते हे खरं होतं, पाचवीच्या पूजेनंतरही धुरी असतेच.

त्याने गवरी कपाळाला लावली आणि होती तिथे ठेवून सुटकेस स्वतः बंद करून दिली. बायको मागे वळून माझ्याकडे पाहत होती. मी हात हलवला.

जपानमधल्या विमानतळावर सुटकेस पुन्हा उघडली गेली. तिथला अधिकारी तरुण होता. त्याच्याकडे भाषांतर करणारं एक छोटं यंत्र होतं. तो जपानीत बोलला, यंत्र हिंदीत बोललं. त्याने गवरीकडे बोट केलं. बायकोने ठरल्याप्रमाणे खरं उत्तर दिलं.

"गवरी."

यंत्राने जपानीत काय सांगितलं, याची खातरजमा होऊ शकलेली नाही. जावयाने नंतर तोच शब्द आपल्या फोनमध्ये बोलून पाहिला, तेव्हा उत्तर आलं, 'पार्वती देवी'. अधिकारी एकदम ताठ उभा राहिला आणि गवरी दोन्ही हातांनी खाली ठेवली, एवढं बायको नक्की सांगते. मग त्याने यंत्रातून विचारलं, "देवी कशापासून बनवल्या आहेत?"

"गाय का गोबर," ती म्हणाली.

हे यंत्राला बरोबर समजलं.

अधिकाऱ्याने आणखी दोघांना बोलावलं. तिघे वाकून पाहत होते, आपसात हळू बोलत होते. नंतर यंत्रातून तिला सांगण्यात आलं की क्षमा असावी, देवींना आत सोडता येणार नाही. ज्वारीचं पीठही ठेवून घेतलं. शेपा, ओवा आणि वावडिंग यांच्या पुड्याही राहिल्या. दुपटी झटकून, घड्या घालून परत दिली. लाडू सोडले. प्रत्येक गोष्ट उचलताना तो मान लववत होता. "दोनी हातानं घेतलं," बायकोने मला फोनवर सांगितलं. "तोंड वाकडं नायी केलं. आपल्याकडे तं पाहुने आहेरसुद्धा असा घेत नायी."

हे सांगताना ती हसत होती. मग म्हणाली, "पन माह्याजवळ आता कायी नायी."

लाडवांचं पुढे असं झालं. मुलीला गरोदरपणात साखर निघाली होती आणि काळजी नको म्हणून तिने ते घरी कळवलं नव्हतं. डबा उघडला तेव्हा तिला सांगावं लागलं. लाडू जावयाने खाल्ले. सगळेच त्याने खाल्ले, असं मुलगी म्हणते. काही ऑफिसात वाटले, असं त्याचं म्हणणं आहे.

बाळ आठवडाभरात झालं. मुलगी. दवाखान्यातून घरी आल्यावर ते संध्याकाळ झाली की रडायला लागायचं. आंघोळ प्लॅस्टिकच्या छोट्या टबात, दवाखान्यात शिकवली तशी, मुलगी आणि जावई मिळून घालत. एक धरायचा, दुसरी मोबाइलवर पद्धत बघायची. बायको दारात उभी राहायची. त्या दिवसांतले तिचे फोन छोटे असत. जेवली का, विचारलं की जेवली म्हणायची. काय करून राह्यली, विचारलं की म्हणायची, "बसली हाय."

एका संध्याकाळी जावई ऑफिसात अडकला. मुलीचे टाके दुखत होते, तिला टब उचलवत नव्हता. बाळ रडत होतं. बायको तोवर तिथल्या न्हाणीघरात एकटी नीट थांबली नव्हती, भिंतीवरच्या बटणांना ती घाबरत होती. त्या दिवशी ती आत गेली आणि तिने पहिल्यांदा जमिनीकडे पाहिलं. तिकडे अंग टबात धूत नाहीत. आधी टबाबाहेर, बुटक्या स्टुलावर बसून, बादलीतलं पाणी भांड्याने अंगावर घेऊन धुतात, मग टबात बसतात. जमिनीला उतार असतो आणि कोपऱ्यात पाणी जायला जाळी.

"अगं, हे तं मोरी हाय," ती म्हणाली. "इतके दिस सांगितलं काऊन नायी?"

तिने स्टूल बाजूला सारलं, मोज्यांचे दोन्ही थर काढले, साडी गुडघ्यापर्यंत घेतली, पाय लांब करून बसली आणि बाळ पालथं नडग्यांवर घेतलं. मुलगी म्हणाली, "आई, मान!"

"तुयी मान राह्यली ना जाग्यावर?"

बाळ रडायचं थांबलं. कधी थांबलं याबद्दल दोन मतं आहेत. पहिलं पाणी पडताच, असं बायको सांगते. मुलगी म्हणते, आधी आणखी मोठ्याने रडलं, मग थांबलं. त्यानंतर ते झोपलं, यावर दोघींचं एकमत आहे. मुलगीही झोपली. जावई घरी आला तेव्हा दार उघडायला बायको गेली आणि तिने त्याला बूट हळू काढायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात तिथल्या नगरपालिकेकडून नवजात बाळ पाहायला नर्स आली. योगायोगाने आंघोळीचीच वेळ होती. नर्सने पाण्यात थर्मामीटर बुडवला आणि पाणी जास्त गरम असल्याचं सांगितलं. मुलीने भाषांतर केलं.

"तिले म्हन, आमच्याकडे असंच असते."

मुलीने हे भाषांतर केलं नाही. नर्सने गार पाणी मिसळलं. बायकोने हात घालून पाहिला आणि मिसळू दिलं. मग नर्सने पायावरची आंघोळ शेवटपर्यंत पाहिली, बाळाच्या मानेखाली बायकोचा हात कुठे आहे ते वाकून पाहिलं आणि काहीतरी विचारलं.

"काय म्हनते?"

"ती विचारते, रोज आंघोळ कोण घालतं?"

"मी घालतो म्हनून सांग," बायको म्हणाली.

नर्सने ते लिहून घेतलं.

परतीचं तिकीट बाळाला महिना पूर्ण होण्याच्या सुमाराचं होतं. ते बदललं आहे. हे मला विचारण्यात आलं नाही, कळवण्यात आलं. नवं तिकीट व्हिसा संपण्याच्या आदल्या दिवसाचं आहे.