अकलोलीला निघालो आणि अंबाडीला उतरलो

हा प्रवास तीन-चार वर्षांपूर्वीचा, दिवाळीनंतरच्या थंडीतला. आईला गुडघ्यांसाठी अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर न्यायचं ठरलं. ती नर्स म्हणून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. नोकरीची बरीच वर्षं अंबाडीजवळच्या उपकेंद्रात गेली, त्यामुळे तो रस्ता तिला पाठ होता. बुधवार तिनेच निवडला. बुधवार लसीकरणाचा असतो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

जाणाऱ्यांसाठी सांगते: ठाण्याहून भिवंडीला एसटी भरपूर आहेत, पुढे वाड्याची गाडी पकडून अंबाडी नाक्यावर उतरायचं आणि तिथून सहा आसनी रिक्षाने अकलोली. रस्ता खड्ड्यांचा, तेव्हा मागची सीट टाळा. नाक्यावरचा वडापाव गरम असेल तरच घ्या.

भिवंडी सुटेपर्यंत खिडकीतून लूमचा खडखडाट येत होता. मग शेतं लागली आणि आईला कंठ फुटला. या झाडाखाली आपण बाळंतपण केलं, त्या पुलावर पाण्यामुळे तीन तास अडकलो. लहानपणी मला या गोष्टींचा राग यायचा, कारण त्या दिवशी ती घरी नसायची. आता मात्र ऐकत राहावंसं वाटत होतं.

नाक्यावर उतरल्यावर ती म्हणाली, उपकेंद्र नुसतं लांबून बघू. मी हो म्हटलं आणि फसले.

ओट्यावर सात-आठ बाया पोरं घेऊन बसल्या होत्या. नवीन नर्स, सुजाता, कंत्राटी होती. तीन उपकेंद्रं तिच्या एकटीच्या गळ्यात. तिने ओळख ऐकून आईला खुर्ची दिली. आईने बसण्याआधी लसीचा डबा उघडला. आतल्या बर्फाच्या पिशव्या नुसत्या गार होत्या, गोठलेल्याच नव्हत्या. लोडशेडिंगमुळे आरोग्य केंद्रातला फ्रीझर रात्रभर बंद होता. आईने पोलिओची कुपी उजेडात धरली. लेबलवरचा पांढरा चौकोन भोवतीच्या गोलाइतकाच काळपट झाला होता. म्हणजे लस उष्णतेने मेली.

"हे द्यायचं नाही," आई म्हणाली. "सगळा डबा परत."

सुजाताचे डोळे भरले. त्या बायांमध्ये बायजी होती, डोंगराच्या पाड्यावरून चालत आलेली, दीड महिन्याची मुलगी घेऊन. मागच्या दोन बुधवारी तिला उपकेंद्राला कुलूप दिसलं होतं. आज दुपारी तिच्या घरचे सगळे वीटभट्टीच्या टेम्पोत बसून वळ गावाकडे जाणार होते, ते पावसाच्या तोंडाशी परतणार. आज डोस चुकला तर या मुलीचा डोस सहा-सात महिने लांबणार होता. पाड्यावरचं गोवराने गेलेलं पोर आईने हाताने पुसून ठेवलं होतं एकदा. ती गोष्ट मला माहीत होती.

आईने नाक्यावरच्या मासळीवाल्या मावशीकडून बर्फ मागून आणला. भिवंडीच्या कारखान्यातला बर्फ सकाळच्या एसटीने इथे येतो, हे तिला जुनं ठाऊक. केंद्रातल्या मोठ्या फ्रिजमधल्या कुप्या अजून चांगल्या असतील, तो वीज गेली तरी गार राहतो, असं सांगून त्या आणायला तिने मला सुजाताच्या स्कूटीवर मागे बसवलं. बर्फावर जाड वर्तमानपत्र, मग कुप्या. लसीला बर्फ चिकटू द्यायचा नाही, हे मला तीनदा बजावलं.

परतायला दीड तास लागला. तोवर टेम्पो येऊन गेलाही होता. निम्म्या बाया निघून गेल्या होत्या. पण बायजी होती. तिची मुलगी आईच्या मांडीवर गाढ झोपली होती.

ही आईची जुनी चलाखी. बाळ मागून घ्यायचं, निजवायचं आणि उठवायचं नाही. आमच्या मागे टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवले होते, बायजीचा नवरा दोनदा बोलवायला आला होता. आईने फक्त तोंडावर बोट ठेवलं होतं.

डोस झाले, मुलीने गाव गोळा केला, आणि मग बायजी रडायला लागली. "टेम्पो गेला, बाय. मी भट्टीव कशी जाऊ? मला ठाव न्हाय."

"मी आहे ना. माझ्या वाटेवरच हाय," आई म्हणाली. त्या एका 'हाय'साठी मी तिच्या सगळ्या गैरहजेऱ्या माफ केल्या.

अकलोली राहिली. आम्ही तिघी आणि ती मुलगी उलट्या एसटीने निघालो. वळजवळच्या भट्टीवर पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. बायजीच्या नवऱ्याने चूल मांडली होती. तो रागावलेला होता, तरी आम्हाला चहा पाजला. आईने सुजाताने दिलेलं कार्ड त्याच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "चार आठवड्यांनी अजून एक. मी येईन."

घरी आल्यावर मी बादलीत गरम पाणी आणि मीठ घालून तिचे पाय बुडवले. ती एका हाताने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एका बुधवाराला गोल करत होती. "पुढच्या महिन्यात जाऊ गं अकलोलीला," म्हणाली.

त्या बुधवारी निघालो, भट्टीवर उतरलो आणि बायजीला मुलीसकट भिवंडीच्या दवाखान्यात नेलं. त्यानंतरच्या चौथ्या बुधवारी पुन्हा तेच. आता त्या भट्टीच्या जागी गोदामं उभी राहताहेत. बायजी कुठे असेल कोण जाणे. मुलीचे तीन डोस मात्र पुरे झाले.

अकलोलीचं पाणी किती गरम असतं, असं कमेंटमध्ये विचारू नका. आम्ही तीनदा निघालो, अजून पाहिलेलं नाही.