कॅप्टन दिसला का?

मैत्रिणींनो, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

आमच्या ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून त्यांच्या लाडक्या अंतराळमालिकेचा नवा सिनेमा बघायला आज नात इरा आणि मीच गेलो. बहारीनला नवे होतो तेव्हा दर गुरुवारी रात्री आम्ही दोघं त्या मालिकेच्या कॅसेट लावायचो. शेवटी म्हातारा कॅप्टन घरी परततो, तिथे हे दर वेळी डोळे पुसायचे.

नव्या सिनेमात काळच मागे फिरवलाय. कॅप्टन जन्मलाच नाही.

"आजी, ती टाइमलाइन खलास. जुनं काहीच आता कॅनन नाही," गाडीत इरा म्हणाली.

"कोणी ठरवलं?"

"कंपनीने."

कॅनन हा शब्द मी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांकडून शिकले होते. धर्मग्रंथांपैकी खरे कुठले धरायचे, त्यासाठी तो असायचा.

इराला जनाबियाला तिच्या घरी सोडून परत आले, तर हे दाराकडे डोळे लावून बसलेले.

"कॅप्टन दिसला का गं?"

"दिसला. घरी पोचला."

उद्या इरा आजोबांना भेटायला येतेय. तिला गप्प राहायला सांगू, की आजच ह्यांना खरं सांगून टाकू? आणि खरं म्हणजे नेमकं कुठलं, सांगाल का कुणी?