उधाणाचे वेळापत्रक, भांगाचे वेळापत्रक

खासनीस सर वर्गात येत ते एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात पंचांग घेऊन. नव्या मुलांना वाटे, सर फार सोवळे असणार. शिक्षकांच्या खोलीतून तर रोज कोणीतरी चिडवी, "काय खासनीस, आज भूमितीला मुहूर्त आहे का?" सर न थांबता उत्तर देत, "आज अष्टमी. भांग आहे. भूमितीला उत्तम."

वसईच्या आमच्या त्या खाजगी हायस्कुलात बरीच मुले बागायतदारांची, आणि आम्ही थोडी पाचूबंदरच्या कोळ्यांची. पुनव-अवसेला समुद्राला उधाण येते, जाळ्यांना मासळी भरपूर लागते. सकाळी होड्या किनाऱ्याला लागल्या की घरातले प्रत्येक माणूस बोंबील निवडायला आणि वाळत घालायला जुंपले जाते. अष्टमीच्या सुमारास पाण्याचा जोर ओसरतो, तो भांग. तेव्हा जाळी दुरुस्त होतात आणि मुलांना सवड मिळते. सर साताऱ्याकडचे, त्यांना यातले काही ठाऊक नव्हते. ते आले त्या वर्षी त्यांनी आम्हाला गैरहजेरीबद्दल बाकावर उभे केले. "सर, उधाण होतं," असे आम्ही सांगितले, तर त्यांना ती सबब वाटली. पंधरवड्याने तीच मुले पुन्हा गैरहजर. तेव्हा ते स्वतः बंदरावर येऊन बघून गेले. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाले, "बाकावर मीच उभं राहायला हवं होतं. पण बाक मोडेल." सर अंगाने चांगले भरलेले होते.

त्यानंतर भिंतीवर दोन वेळापत्रके लागली. एक उधाणाचे, त्यात सकाळी चित्रकला, कवायत, उजळणी. दुसरे भांगाचे, त्यात बीजगणित, भूमिती, इंग्रजी. दहावीपर्यंत मी शिकले ती या दोन कागदांच्या जोरावर.

दहावीची परीक्षा संपल्यावर शाळेच्या मंडळाने येत्या वर्षीचे बदल जाहीर केले. ते सभेत वाचून दाखवायचे काम सरांवरच आले. बदल असे: वर्षभर एकच वेळापत्रक. शाळा सकाळी सातला. अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गाला, बीजगणित-भूमिती पहिल्या तासाला, आणि ज्यांना तो तास गाठता येणार नाही त्यांनी साधे अंकगणित घ्यावे. सरांनी आवाज न बदलता सगळे वाचले आणि चष्मा काढून पुसत बसले. मला कॉलेजात विज्ञान शिकायचे होते. अंकगणितावर तिथे कोणी उभे केले नसते.

सर मंडळाकडे गेले. कार्यवाह म्हणाले, "एवढा कळवळा असेल तर बुडालेला तास तुम्ही भरून द्या. शाळेच्या वेळेबाहेर, शाळेच्या आवाराबाहेर." ही वाटेला लावायची रीत होती. सरांनी ती परवानगी समजली.

जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा अडचण नव्हती. नारळी पुनवेनंतर होड्या पुन्हा समुद्रात गेल्या आणि पहिल्याच उधाणात सर संध्याकाळी धोतर सावरत आमच्या अंगणात हजर झाले. माझी आई टोपली घेऊन बसली होती.

"मास्तर, पोरगी सकाली मोकली नाय व्हायची. समिंदराला सांगा, जरा उशिरा भर म्हनून."

"सांगून पाहिलं, आई. तो ऐकत नाही. म्हणून तुमच्याकडे आलो. मला संध्याकाळचा एक तास द्या."

"हितं? बोंबलांत? वास सोसंल तुमाला?"

"मला सोसायचा नाही. पण मी भूमितीकडे तोंड करून बसेन."

आई इतकी हसली की टोपली कलंडली. "हिरे, मास्तरांना पाट दे," ती म्हणाली. परवानगी मिळाली ती अशी.

वर्षभर प्रत्येक उधाणात सर आले. बोंबील वाळवायच्या वलांड्या म्हणजे खांबांवर आडवे बांधलेले लांबच लांब बांबू. एकाखाली एक, अगदी समांतर. सरांनी त्यावर तिरकी काठी टेकवून कोन शिकवले. "पुस्तकातल्या रेषा कोणीतरी काढलेल्या असतात. या रेषांवर तुमचं पोट आहे, या विसरायच्या नाहीत," असे ते म्हणत. सुरुवातीला ते नाकाला रुमाल लावत. दिवाळीनंतर रुमाल खिशातच राहू लागला. आई मुद्दाम विचारी, "मास्तर, आज वास नाय?" ते म्हणत, "आई, आज तुम्ही बोंबील घातलेच नाहीत वाटतं." समोर वलांड्या पांढऱ्या झालेल्या असत. शेजारच्या बायकाही मग काम टाकून ऐकत उभ्या राहत आणि उत्तर चुकले की माझ्याआधी हळहळत.

पहिल्या तासाच्या चाचण्यांत मी टिकले. मॅट्रिकला बीजगणित-भूमितीचे पेपर दिले.

परीक्षेनंतर काही दिवसांनी सर एकदा भर भांगात आले. हातात पुस्तक नव्हते. आईने विचारले, "मास्तर, आज कंचा धडा?"

"आज धडा नाही. येत्या वर्षीचे बदल लागले, ते सांगायला आलो. अकरावीचं गणित आता बी. टी. झालेल्या शिक्षकांकडे जाणार. ती शिक्षकीची पदवी माझ्याकडे नाही. मला पाचवीचं हस्ताक्षर देऊ केलंय." ते थोडे हसले. "माझं अक्षर तू पाहिलंयस, हिरा. पोरांचं नुकसान होईल. साताऱ्याकडे भावाच्या गावी शाळा निघालीय, तिथे जातो."

मी म्हणाले, "सर, निकालापर्यंत तरी थांबा."

"निकाल मला माहीत आहे. तो तुझ्यासाठी लागायचाय."

आईने सुक्या बोंबलांची पुडी बांधायला घेतली, मग ते खात नाहीत हे आठवून तशीच हातात धरून उभी राहिली. सर वलांड्यांखालून वाकून गेले. टांगा नाक्यावर उभा होता.

पुढे मी बी. एस्सी. झाले, बी. टी.ही केले. आज एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. मे महिना आला की येत्या वर्षीचे बदल मीच लिहून काढते. या कामात मी चटपटीत आहे असे लोक म्हणतात. पण एकेका ओळीपाशी हात थांबतो आणि वाटते, हे कोणाला तरी दाखवून घ्यावे. दाखवायचे कोणाला, ते माणूस मला पुन्हा भेटले नाही.

माझा मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी मी धावत घरी आले. पास झाले, गणितात उत्तम गुण पडले. आईने तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जा, आदी मास्तरांना सांगून ये." मी चपला घातल्या. दोघींनाही एकदमच आठवले. आईने माझ्याकडे पाहिले नाही. चपला पायांत तशाच ठेवून मी बराच वेळ उंबऱ्यात बसून राहिले.